लॅक्स्टनची खुली शेतं: बांध नसताना हद्द कशी राखली जाते?

शिवारफेरी

पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात पुरंदर तालुक्यातलं एक गाव आणि इंग्लंडमधलं एक गाव शेजारी-शेजारी मांडायचं ठरलंय. तिकडचं गाव म्हणून नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन निवडलं, कारण खुल्या शेतांची मध्ययुगीन पद्धत तिथे आजही चालू आहे. तीन मोठी शेतं, प्रत्येक शेतात एकेका शेतकऱ्याचे विखुरलेले लांब पट्टे, आणि पट्ट्यांमध्ये बांध नाही, इथपर्यंत वाचून कळलं.

अडलंय ते पुढे. बांधच नाही तर शेजाऱ्याने एक तास (नांगराची एक रेघ) आत नांगरलं हे कळतं कसं आणि ठरवतं कोण? जुन्या कागदांत क्षेत्र ३-२-१४ असं लिहिलेलं दिसतं, ते एकर-गुंठ्यात कसं आणायचं? इंग्लंडभर ही पद्धत मोडली, मग याच गावात कशी टिकली? आणि जुन्या पट्ट्यांचे लाटांसारखे उंचवटे फोटोत दिसतात, ते मुद्दाम केलेले असत की आपोआप होत? जाणकारांनी तपशिलात सांगावं, फलकांवर चुकीचं काही जायला नको.

काळीपांढरी

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण लॅक्स्टनचं मर्म तिथेच आहे. लोक पट्ट्यांचे फोटो काढून परततात. पण पट्टे जिवंत राहिले ते गावच्या कोर्टामुळे, आणि प्रदर्शनात हे कोर्ट दिसलं नाही तर गाव अर्धंच दिसेल.

आधी शेतांची नावं: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. 'फील्ड' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एकाच्या मालकीचं वावर येतं, ते इथे बाजूला ठेवा. फील्ड म्हणजे शिवाराचा मोठा तुकडा, त्यात अनेकांचे पट्टे. आपल्याकडचा जुना थळझाडा (गावच्या जमिनींची थळवार नोंद) पाहिला असेल तर 'थळ' या शब्दाशी त्याचं नातं जुळवता येईल. तिन्ही फील्डांचं पीक गावाने ठरवलेल्या फेऱ्याने चालतं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं बार्ली किंवा कडधान्यासारखं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी गव्हाचं फील्ड वसंतपिकात जातं, वसंतपिकाचं पडीला येतं आणि पडीच्या रानात गहू पडतो. पूर्वी पडीच्या फील्डात साऱ्या गावाची मेंढरं बसत. आपल्याकडे धनगरांची मेंढरं खतासाठी रानात बसवतात तसंच, फरक एवढाच की इथे गुरंमेंढरं गावातलीच. म्हणून एकट्याने वेगळं पीक घ्यायची सोय नव्हती. शेजारच्या पट्ट्यांवर मेंढरं सुटली की त्याचं उभं पीक मधे सापडायचं.

आता हद्द. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस १२ जणांची ज्युरी गव्हाचं फील्ड फिरून बघते. गहूच का, तर तो नुकताच उगवून आलेला असतो आणि नांगराची कड जमिनीवर स्वच्छ दिसते. फील्डांचा फेरा तीन वर्षांचा असल्याने प्रत्येक फील्डाची पाळी तीन वर्षांतून एकदा येते. ज्युरी पाहते ती वाट कोणी कापली, चर कोणी साफ केला नाही, गवताच्या पट्टीत नांगर कोणी घातला. जिथे कड सरकली तिथे योग्य जागी खुंट्या ठोकतात. त्यानंतर आठवडाभराने गावातल्या डव्हकोट इन या खानावळीत कोर्ट लीट, म्हणजे गावचं ते जुनं कोर्ट, बसतं, तिथे दोषींची नावं वाचली जातात, छोटासा दंड होतो आणि पुढच्या वर्षाची ज्युरी शपथ घेते. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण साऱ्या गावासमोर नाव वाचलं जाणं किरकोळ नसतं.

आपल्याकडे 'बांध कोरणं' या दोन शब्दांत पिढ्यान् पिढ्यांची भांडणं मावतात. दर वर्षी नांगराची एक रेघ, वीतभरही नाही, आणि दहा वर्षांत हातभर जमीन पलीकडे. तिथेही नेमकं हेच होतं. लॅक्स्टनने उपाय काढला तो दुखणं लहान असतानाच पाहायचा. आपली गोतसभा (गावकऱ्यांची न्यायसभा) बहुधा तंटा उभा राहिल्यावर बसे, शिवेचा निवाडा करी आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून देई. ज्युरी मात्र तक्रार असो-नसो, ठरल्या दिवशी निघते. माझ्या मते दोन गावं शेजारी मांडताना सगळ्यात बोलका फलक हाच होईल: एकीकडे महजर, दुसरीकडे ज्युरीची खुंटी.

गवताच्या पट्ट्यांना तिथे 'साइक' म्हणतात. जिथे पाणी साचतं किंवा उतार नांगराला सोसत नाही तिथे गवतच राखतात आणि ते दर वर्षी लिलावाने देतात. गायरानाचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं समजवायला नको.

वस्तीची मांडणीही दाखवा. शेतघरं शेतात नाहीत, गावच्या रस्त्याला लागून ओळीने आहेत आणि प्रत्येकाच्या मागे लांबट परडं. जमीन काळी, वस्ती पांढरी, ही आपली वाटणी तिथल्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. इंग्लंडमध्ये शेतं एकवट झाल्यावर पुष्कळ शेतकरी गाव सोडून आपापल्या रानात राहायला गेले. लॅक्स्टनमध्ये पट्टे विखुरलेलेच राहिल्याने गावात राहणंच सोयीचं ठरलं.

मोजणीदार

क्षेत्राचं उत्तर देतो. हे मराठी माणसाला इंग्रजापेक्षा सोपं आहे.

३-२-१४ म्हणजे ३ एकर, २ रूड, १४ पर्च. ४० पर्चचा एक रूड, ४ रूडांचा एक एकर, म्हणजे एकरात १६० पर्च. आपल्याकडे एकराचे ४० गुंठे. म्हणून १ रूड = १० गुंठे आणि १ पर्च = पाव गुंठा. अगदी तंतोतंत, कुठेही पूर्णांक मोडत नाही. पर्चची बाजू १६.५ फूट, क्षेत्र २७२.२५ चौरस फूट. गुंठ्याची बाजू ३३ फूट, क्षेत्र १,०८९ चौरस फूट, बरोबर चौपट. तुमचं उदाहरण: २ रूडांचे २० गुंठे, १४ पर्चचे साडेतीन, एकूण ३ एकर साडेतेवीस गुंठे.

हा योगायोग नाही. इंग्रजी मोजणीची गंटर साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत साखळी आली ती तिच्या निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग केले १६ आणे. इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमाबंदी लागू झाली, तिथून पुढे ही पद्धत दख्खनभर पसरली. पुरंदरच्या गावाची जुनी फाळणीची (सर्व्हे नंबरांच्या पोटहिश्शांची) कागदपत्रं दाखवणार असाल तर ३३ फूट लांबीची दोरी काढून समोर ठेवा, १६ गाठी मारून. दोन्ही गावं एका दोरीत येतात.

नेहमी होणारी चूक अशी की ३.२.१४ असं टिंबांनी लिहिलेलं असलं तर लोक ३.२ एकर धरतात. ते साडेतीन एकरांच्या वर आहे. टिंब इथे दशांशाचं नसून कप्पे पाडण्यासाठी आहे. दुसरी चूक पट्ट्याच्या आकाराची. पुस्तकी पट्टा २२ यार्ड रुंद आणि २२० यार्ड लांब, म्हणजे ६६ × ६६० फूट, बरोबर एक एकर. २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग, नांगराची एक सरळ धाव. अर्ध्या एकराचा पट्टा ३३ फूट रुंद, म्हणजे एका ओळीत मांडलेले २० गुंठे. पण जमिनीवर पट्टे उतारानुसार, ओढ्याकाठाने, वाटणीने लहानमोठे होत. फलकावर 'सगळे पट्टे एक एकराचे' असं लिहू नका.

आता उंचवटे. ते नांगरातूनच येत. तिथल्या जड नांगराचा पंख माती उजव्या हाताला उलटवतो. पट्ट्याच्या मध्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरे घेतले की प्रत्येक तासाची माती मध्याकडे पडते. दर वर्षी त्याच जागेपासून सुरुवात केली की मधे वरंबा चढत जातो आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी खोल होते. लॅक्स्टनची माती जड, चिकण. पाणी मुरत नाही, ते वरंब्यावरून सरीत उतरून निघून जातं आणि गव्हाचं मूळ कुजत नाही. म्हणजे सुरुवात नांगराच्या बनावटीतून, पण लोकांनी ती राखली ती निचऱ्यासाठी. आपण उसाला सरी-वरंबा करतो तो पाणी द्यायला, तिथे पाणी काढायला. काळ्या रानातल्या सोयाबीनला रुंद वरंबा-सरी सुचवतात, त्याचं कारण लॅक्स्टनच्या जास्त जवळचं आहे.

हीच सरी दोन पट्ट्यांची हद्द असे. म्हणून 'बांध नाही' हे खरं असलं तरी 'खूण नाही' हे खरं नाही.

आपला जुना लाकडी नांगर माती फोडतो, एका बाजूला उलटवत नाही, म्हणून आपल्याकडे असे वरंबे साठले नाहीत. आणि आजच्या ट्रॅक्टरच्या पलटी नांगराने येता-जाता माती एकाच दिशेला टाकता येते, त्यामुळे इंग्लंडमध्येही नांगरटीखालच्या रानातले जुने वरंबे सपाट होत गेले. जिथे पुढे कुरणच राहिलं तिथे ते टिकले.

दप्तरवाचक

पद्धत टिकली कशी, यावर एकच कारण सांगणारे लेख बरेच आहेत. कारणं दोन-तीन धरावीत.

१६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमिनीची खुली व्यवस्था मोडली. पट्टे एकत्र करायचे, कुंपण घालायचं, सामाईक चराई बंद. त्यासाठी मोठ्या जमीनमालकांचं एकमत लागे आणि मोजणी, वकील, कुंपण, रस्ते यांचा खर्च डोक्यावर येई. लॅक्स्टनमध्ये मुख्य मालक अर्ल मॅन्व्हर्स, पण रफर्डच्या इस्टेटीचीही जमीन मधेमधे गुंतलेली. त्यांचं जुळलं नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्स इस्टेटीने पट्टे एकत्र करून मोठे केले, म्हणजे आज दिसतात ते पट्टे मध्ययुगापेक्षा रुंद आहेत. हे फलकावर आलंच पाहिजे. आपल्याकडच्या गटवारीशी हे ताडून बघता येईल. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले. तिथे तुकडे जोडले तरी तीन फील्डं आणि कोर्ट ठेवलं.

१९५२ साली मॅन्व्हर्सची जमीन सरकारच्या कृषी मंत्रालयाने घेतली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (राजगादीच्या नावे असलेली सार्वजनिक मालमत्ता) गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. थोर्सबी म्हणजे जुन्या मॅन्व्हर्स घराण्याचंच ठिकाण, फेरा पूर्ण झाला.

नकाशाबद्दल: १६३५ साली मार्क पिअर्स या मोजणीदाराने गावाचा मोठा नकाशा काढला, सोबत पट्टानिहाय मालक, कूळ आणि क्षेत्र यांची वही. नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नांगरणारे, कापणी करणारे लोक इवलेसे रंगवलेले आहेत. चौथं छोटं ईस्ट फील्डही त्यावर दिसतं, आज शेतं तीनच.

आणि कोकणाशी जोडणारी एक गोष्ट, जी मराठी प्रदर्शनात सुटू नये. हा नकाशा ज्याच्यासाठी काढला तो सर विल्यम कोर्टेन, लंडनचा बडा व्यापारी, तेव्हा लॅक्स्टनचा मालक. त्याच १६३५ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजाने कोर्टेनच्या मंडळाला हिंदुस्थानात व्यापाराची परवानगी दिली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. कोर्टेन १६३६ मध्ये वारला, पण त्याच्या नावाच्या मंडळाने १६३८ च्या सुमारास राजापूर आणि कारवार इथे व्यापार मांडला, मुख्यतः मिरीसाठी. नॉटिंगहॅमशायरच्या चिकणमातीतले पट्टे आणि राजापूरचं बंदर एकाच घराण्याच्या हिशेबात होते. पुढे कोर्टेन घराणं कर्जात बुडालं आणि लॅक्स्टन पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे पुढच्या मॅन्व्हर्सांकडे गेलं.

कागद शोधताना तीन ठिकाणी पाय घसरतो. लॅक्स्टन नावाची गावं इंग्लंडमध्ये आणखीही आहेत, एक नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये, एक पूर्व यॉर्कशायरमध्ये. काउंटी न पाहता कागद उचलू नका. जुनं लेखन वेगळं आहे: १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (इंग्लंडच्या राजाने करवलेली जमिनींची पाहणी) 'लॅक्सिंट्यून' आणि नंतरच्या कागदांत 'लेक्सिंग्टन'ही सापडतं. तिसरी, वर्षाची. १७५१ पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. चर्चच्या नोंदवहीत '१० फेब्रुवारी १६६५' असेल तर आजच्या हिशेबाने ते १६६६ आहे. आपण मराठेशाहीच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवताना मृगाच्या आधी की नंतर हे बघतो, अगदी तोच विचार. शिवाय १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले ११ दिवस नाहीत.

पुण्यात बसून नकाशे पाहायचे तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी मोजणी खातं) मैलाला सहा इंची आणि पंचवीस इंची जुने नकाशे फुकट आहेत, आजच्या उपग्रहचित्राशेजारी लावून पाहता येतात. फील्डांची नावं आणि गावाच्या उत्तरेचा मातीच्या किल्ल्याचा टेकाडही तिथे सापडेल.

शिवारफेरी

राजापूरचा धागा ठाऊकच नव्हता, स्वतंत्र फलक करतो. अजून एक विचारायचं राहिलं. वरंबे-सरींचं छोटं मॉडेल करायचंय, ४ × २ फुटांच्या प्लायवर. अख्खं गाव दाखवावं की थोडाच भाग? शाडू चालेल का?

शाडूकाम

अख्खं गाव त्या फळीवर घेऊ नका. १:५००० प्रमाण धरलं तर २०० मीटरचा पट्टा ४ सेंमी होईल आणि ७ मीटरचा वरंबा दीड मिलिमीटरही नाही. बोटालाही लागणार नाही. त्याऐवजी पट्ट्यांचा एकच जुडगा घ्या, प्रमाण १:२००. २०० मीटरचा पट्टा १ मीटर होतो, ७ मीटरचा वरंबा साडेतीन सेंमी रुंद. फळी १२२ सेंमी लांब, म्हणजे दोन्ही टोकांना ११-११ सेंमी उरतात, तिथे नांगर वळवायची आडवी पट्टी दाखवा. ६१ सेंमी रुंदीत कडा सोडून १६ वरंबे बसतील.

उंची खऱ्या प्रमाणात ठेवली तर अर्ध्या मीटरचा वरंबा अडीच मिलिमीटरच येतो. तिप्पट वाढवा, ७-८ मिमी, आणि पाटीवर 'उंची तिप्पट वाढवली आहे' असं लिहा.

शाडू चालेल, पण निव्वळ शाडू मोठ्या सपाट थरात तडकणारच. वाळताना माती आक्रसते आणि प्लाय आक्रसत नाही, म्हणून मधे भेग पडते. सरासरी दीड सेंमी थराला साधारण २० किलो ओला शाडू लागेल. त्यात बारीक कापलेला काथ्या आणि भिजवून पिळलेला कागदाचा लगदा मळा. आधी प्लायला दोन्ही बाजूंनी रंगाचा हात द्या, नाहीतर तो ओल पिऊन वाकतो. मग वर तारेची बारीक जाळी खिळ्यांनी बसवा, माती तिला धरून राहते. सावलीत, ओल्या फडक्याखाली चार-पाच दिवस हळूहळू वाळवा. पंख्याखाली ठेवली की कडा आधी सुकून उचलतात.

वरंबे हाताने काढू नका, सारखे येत नाहीत. पत्र्याची वीतभर पट्टी घेऊन तिच्या कडेवर शेजारी-शेजारी तीन वरंब्यांचा आकार कापा आणि ती ओल्या मातीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. पुढच्या खेपेला पट्टीचा शेवटचा घाट आधीच्या वरंब्यावर टेकवा म्हणजे अंतर चुकत नाही. पट्टी दर ओढीनंतर ओल्या फडक्याने पुसा. कोरडी माती चिकटली की पुढच्या सरीत ओरखडे उठतात.

मोजणीदार

शाडूकाम यांनी सांगितलं त्यात एक भर. पट्टी सरळ रेषेत ओढू नका. जुने पट्टे किंचित वळलेले असत, इंग्रजी एस अक्षर आरशात पाहावं तसे. बैलांची लांबलचक जोत, आठ बैलांचीसुद्धा, टोकाला उजवीकडे वळवायची तर आधी डावीकडे झुकून जागा करावी लागे. जाताना टोकाशी डावीकडे, येताना परत स्वतःच्या डावीकडे, म्हणून दोन्ही टोकांना उलट वाक येतो. तुमच्या फळीवर मधला ६० सेंमी भाग जवळजवळ सरळ ठेवा आणि दोन्ही टोकांकडे ४-५ सेंमी वाक द्या. वरचं टोक डावीकडे, खालचं उजवीकडे. उलट झालं तर जाणकाराला पहिल्या नजरेत खटकेल.

ओळ चुकू नये म्हणून आधी वर्तमानपत्रावर एका सरीची पूर्ण रेषा काढून कापून घ्या, ती मातीवर ठेवून टाचणीने टोचून खुणा उतरवा आणि मग पत्र्याची पट्टी त्या खुणांवरून न्या.

शिवारफेरी

वाक कुठल्या बाजूला द्यायचा हे नेमकं आत्ता कळलं, काढलेला कच्चा आराखडा उलटाच होता. तो बदलतो. पहिल्या फलकाला महजराची प्रत आणि त्याशेजारी लाकडी खुंटी, दुसऱ्याला १६ गाठींची ३३ फुटी दोरी, तिसऱ्याला राजापूर, आणि मॉडेल मधोमध.

काळीपांढरी

खुंटी ठेवाल तेव्हा ती निव्वळ टेबलावर आडवी ठेवू नका. मॉडेलच्या एका सरीत, जिथे वरंबा शेजाऱ्याच्या बाजूला दोन मिलिमीटर सरकलेला दाखवाल, तिथेच छोटी काडी रोवा आणि खाली 'बांध कोरला' एवढंच लिहा. इथल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही.